सगळ्या कुळांचा बाप

आमच्या गल्लीतल्या वेलिले बोमेलाला मी गाडीत उभं राहिलेलं कधी पाहिलं नाही. आम्ही दोघंही नोन्कुबेला स्टेशनावर चढायचो. तिथे गाडी येते तेव्हा बाकं गच्च भरलेली असतात, कारण मागच्या स्टेशनावरची माणसं अंधारातच येऊन जागा धरतात. मी केप टाउनपर्यंत दांडीला लटकत जायचे आणि मग दिवसभर हॉटेलच्या चादरींना इस्त्री करत उभी राहायचे. हा मात्र फिलिपी स्टेशन यायच्या आत बसलेला असायचा. पाय पसरून, टोपी गुडघ्यावर ठेवून, शेजारच्याच्या बरगडीत कोपर खुपसून. कामावरही हा बसूनच असायचा, गोदामाच्या फाटकाशी खुर्ची टाकून. एवढं बसून माणसाला काय मिळतं, देव जाणे.

त्याची युक्ती अगदी हलकट होती. डब्यात शिरला की तो बसलेल्यांवर नजर फिरवायचा. म्हाताऱ्यांना सोडून द्यायचा, बायकांना सोडून द्यायचा, कारण त्या उलट बोलतात. एखादा तरणा, सभ्य चेहऱ्याचा पोरगा हेरायचा आणि त्याच्या समोर जाऊन उभा राहायचा.

"बाळा, कूळ कोणतं तुझं?"

"भेले, ताता." थोर माणसाला आम्ही ताता, म्हणजे बाबा, म्हणतो.

"भेले! अरे, मग माझाच की तू!" आणि तिथेच, साऱ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात, भेले कुळाच्या पूर्वजांची नावं तो एकामागून एक घ्यायचा. एक नाव चुकायचा नाही. पोरगा गोंधळून उठायचा. उठणार नाही तर काय करेल? आपल्याच कुळाचा थोर माणूस म्हणजे बापच, आणि बाप उभा असताना लेकानं बसायचं, एवढं वाईट वळण आमच्याकडे अजून आलेलं नाही.

ही नावं तो कुठे शिकला, ते सगळी गल्ली जाणून होती. शनिवारी कुणाचीही मयत असो, ओळखीची, बिनओळखीची, वेलिले तिथे जेवायला हजर. मटण शिजेपर्यंत वेळ जायचा, तेवढ्यात बुजुर्ग मंडळी मेलेल्याच्या कुळाची नावं घेत असायची. हा ऐकून ऐकून पाठ करायचा. सोमवारी भेले, मंगळवारी ग्चिना, बुधवारी मजोला. जन्मानं होता टोलो, पण गाडीत टोलो भेटला तरच खरं बोलायचा.

तुम्ही म्हणाल, कुणी हटकलं कसं नाही? अहो, माणूस वयाबद्दल खोटं बोलतो, पगाराबद्दल बोलतो, बायकोशी तर रोजच बोलतो. पण कुळाबद्दल? ते कुणाच्या डोक्यातच येत नाही. पोलिसानं धरलेला चोर नाव खोटं सांगतो आणि कूळ खरं सांगतो. मेलेले ऐकत असतात ना. मी एकदाच टोकलं होतं.

"ताता बोमेला, परवा तर तुम्ही भेले होतात."

"मारादेबे," बाईला माहेरच्या कुळाच्या नावानं हाक मारतात तशी मला हाक मारून तो डोळे न उघडता म्हणाला, "बायकांनी चादरी सांभाळाव्यात. कुळातलं तुम्हाला काय कळतं?"

सारा डबा हसला. त्या दिवसापासून तो माझ्या मनातून उतरला तो कायमचा.

मजोला म्हणून त्यानं ज्याला धरलं होतं, त्या पोराचं नाव मोन्डे. शांत, लांब हातांचा, बेकरीत पीठ मळणारा. रात्रपाळीहून येऊन परत दिवसाला जाणारा, म्हणजे झोपेला आसुसलेला. तरी वेलिले दिसला की तो आपणहून उठायचा. "बसा ताता," म्हणायचा आणि उभ्या उभ्या पेंगायचा. एकदा तर त्यानं यालाच अर्धी पावाची लादी दिली. यानं ती घेतली आणि माझ्यादेखत एकट्यानं खाल्ली.

आता लिंडेलवाबद्दल सांगते, कारण माझा खरा राग तिच्यापायी आहे. ही वेलिलेची थोरली. बाप असा असून पोरगी इतकी सरळ कशी निपजली, हे तिच्या आईचं, माभेलेचं पुण्य. लिंडेलवा दवाखान्यात नर्स. सिव्हिवे नावाच्या शाळामास्तरावर तिचा जीव होता आणि कित्येक वर्षं दोघं नीट रीतीनं लग्न व्हावं म्हणून थांबली होती. पळून जाणं सोपं होतं. तिला ते नको होतं. "मारादेबे, माझ्यासाठी माणसं फाटकाशी येऊन हाक मारतील, तेव्हाच मी जाईन," ती म्हणायची.

शेवटी ती माणसं आली. मुलीसाठी किती गाई द्यायच्या त्याची बोलणी करायला मुलाकडचे चौघे सकाळीच फाटकाबाहेर उभे राहून आपल्या कुळाचं नाव पुकारू लागले, "मजोला आलेत! मजोला दारात आहेत!" मी त्यांच्या स्वयंपाकघरात कोबी चिरत होते, माभेले चुलीवरच्या बकऱ्याच्या मटणात पळी फिरवत होती. लिंडेलवा माझ्याजवळ, डोक्याला रुमाल, हातात पांघरायची शाल, बोलावणं यायची वाट पाहत. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये नुसता पडदा. सगळं ऐकू येत होतं, फटीतून दिसतही होतं.

खरं तर बोलणी मुलीचे काका करतात, बाप बाजूला राहतो. पण वेलिले कसला राहतोय! त्याचा थोरला भाऊ, ताता म्बुलेलो, गावाहून मुद्दाम आला होता, तरी मधल्या मोठ्या खुर्चीत हाच. भाऊ बिचारा स्टुलावर.

पाहुणे आत आले. तिघं वयस्क आणि चौथा, हात जोडून वाकलेला, मोन्डे. सिव्हिवेचा चुलतभाऊ! त्यानं वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"ताता! तुम्ही इथे?" तो आपल्या म्होरक्याकडे वळला. "काका, हेच ते, गाडीतले. आपल्या कुळाचे. मी सांगत नव्हतो का?" आणि बोलता बोलताच त्याचा आवाज विझत गेला. आपण काय बोललो, ते त्याला उमगलं.

मजोलांच्या मुलासाठी मजोलांची मुलगी मागायची? म्हणजे बहीणच की ती.

"हे टोलोंचं घर आहे," ताता म्बुलेलो म्हणाला. "हा माझा सख्खा भाऊ."

मुलाकडचा म्होरक्या फार समजूतदार म्हातारा होता. तो वेलिलेकडे वळून हळूच म्हणाला, "बाबा, कधी कधी मूल एका घरचं असतं आणि वाढतं दुसऱ्या घरी. आई मरताना काही सांगून जाते. त्यात लाजण्यासारखं नाही. पण मजोलांचं रक्त असेल तर आत्ताच सांग. भावाबहिणीचं लग्न लावायचं पाप आमच्या हातून नको."

पाहा, किती सोपं होतं. "मी गाडीत जागेसाठी खोटं बोललो," एवढंच म्हणायचं. माणसं हसली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, काम पुढे गेलं असतं. लिंडेलवानं माझं मनगट धरलं होतं, त्यात तिची नखं रुतत होती. "बोला ना, ताता," ती ओठातल्या ओठात म्हणत होती. "बोला ना."

वेलिलेनं टोपी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवली. "गाडीत गर्दी असते," तो म्हणाला. "कोण काय ऐकतो, कोण काय समजतो... मी तर या पोराला ओळखतसुद्धा नाही."

मोन्डेचं तोंड उघडं राहिलं. "ताता, रोज सकाळी..."

"तू थांब," म्होरक्या त्याला म्हणाला. "वेलिले, हो की नाही, एवढंच सांग."

वेलिले भिंतीकडे बघत बसला. आपली अब्रू, आपला थाट, पाहुण्यांसमोर आपली मान! पोरीचं आयुष्य पडद्यामागे उभं होतं आणि हा मेणचट माणूस भिंत बघत होता. त्याच्या मरून गेलेल्या आईच्या नावाला बट्टा लागत होता, तरी हा गप्प.

म्होरक्या उठला. टोपी घातली. "मग आम्ही निघतो. शंका असेल तिथे मुलगी मागता येत नाही." चौघे दाराकडे वळले. माभेले चुलीपाशी मटकन खाली बसली. लिंडेलवा रडली नाही. तिचे फक्त ओठ पांढरे पडले.

तेव्हा ताता म्बुलेलो स्टुलावरून उठला. एरवी तो गायीगुरांशीसुद्धा हळू बोलणारा माणूस.

"ऊठ," तो भावाला म्हणाला.

"काय?"

"ऊठ त्या खुर्चीतून. टोलोंच्या बापाची खुर्ची आहे ती. तू टोलो आहेस असं तुझ्या तोंडून निघत नाही, तर मग तू पाहुणा. बाहेर पोरांबरोबर बस. बकऱ्याच्या मटणाला हात लावायचा नाही. आणि मेल्यावर माझ्या बापाशेजारी तुला पुरणार नाही."

यावर वेलिले ताडकन उठला. "मी टोलोच आहे!" असा ओरडला की अंगणातली कुत्री भुंकायला लागली. "टोलोच! कोण म्हणतं नाही? ते नुसतं बसायला होतं रे! गाडीत बसायला! सगळ्यांना सांगतो मी तसं, भेलेंना सांगतो, ग्चिनांना सांगतो. माझी खुर्ची कशाला काढता?"

दारात पोहोचलेला म्होरक्या थबकला. कुणीतरी आधी नाकातून हसलं, मग सगळेच हसले. पाहुणे परत येऊन बसले. मोन्डे हसला नाही. तो जमिनीकडे बघत होता. मान्य, लग्न वाचलं. माभेले एप्रनच्या टोकानं तोंड पुसत पुन्हा भांड्यात पळी फिरवू लागली आणि मीसुद्धा सुटकेनं कोबीवर सुरी चालवली.

थोड्या वेळानं बैठकीच्या खोलीतून हाक आली, "मुलीला आणा." मी लिंडेलवाच्या खांद्यावर शाल टाकली. ती माझ्याकडे वळली.

"मारादेबे, ऐकलंत?"

"ऐकलं गं. झालं ना सगळं नीट. हस आता."

"खुर्चीसाठी बोलले," ती म्हणाली.

मग तिनं शाल कपाळापर्यंत ओढून घेतली आणि आत गेली.