दादाच्या हायवेवरचा जास्तीचा पूल

माझा भाऊ चंद्रप्रकाश परब सत्तेचाळीस वर्षांचा आहे आणि तो कॉम्प्युटरवर गेम खेळतो. हे मी बरीच वर्षं कुणाला सांगत नव्हते. लग्नाकार्यात कुणी विचारलं तर म्हणायचे, अंधेरीला ड्राफ्ट्समन आहे, रस्त्यांची ड्रॉइंग काढतो. तेही खरंच होतं.

दिवसभर ऑफिसात रस्ते काढायचे आणि घरी आल्यावर पुन्हा रस्तेच काढायचे, याला छंद म्हणायचं की आजार हे मला कळत नसे. त्या गेममध्ये शहर बांधायचं असतं. पाण्याच्या टाक्या, शाळा, कचऱ्याच्या गाड्या, सगळं. जगभरचे लोक ते बांधत बसतात. दादा शहर बांधत नाही. तो दुसऱ्यांच्या शहरांसाठी हायवे बनवतो. घरी बसून बनवलेली अशी भर गेमला जोडता येते, तिला मॉड म्हणतात. ती एका साइटवर ठेवायची, मग कुणीही उचलून आपल्या शहरात घालू शकतो. लॉकडाऊनमध्ये त्याने सुरुवात केली आणि चार वर्षं खपून घाटकोपर ते मुलुंड असा आपला हायवे बनवला. आपला म्हणजे आपलाच. दिव्याच्या खांबांमधलं अंतर तेच, गटारांच्या झाकणांची नक्षी तीच, कांजूरजवळ कठड्याला ट्रक घासून गेलेला ओरखडासुद्धा तोच. रविवारी सकाळी उठून हा माणूस हायवेच्या कडेने पावलं मोजत चालायचा. त्याचं एक पाऊल अडीच फुटांचं. उत्तरावहिनी म्हणायची, "साखरपुड्याची तारीख विचारा, आठवायची नाही. भांडुपला खांब किती ते विचारा."

अजून एक सवय सांगायला हवी. दादा रस्ता मधूनच ओलांडत नाही. कधीच नाही. समोर दहा पावलांवर दुकान असलं तरी तो सिग्नलपर्यंत जाणार, पूल असेल तर पुलावरून जाणार. भाचरं त्याच्यामागे चिडवत चालायची. मी हसत नसे, पण गप्प राहायचे.

गेल्या डिसेंबरात, एका बुधवारी दुपारी, मी घाटकोपरच्या आमच्या शाळेच्या ऑफिसात दाखले लिहीत बसले होते, तेव्हा वहिनीचा फोन आला. "तुम्ही या," ती म्हणाली. "हे कालपासून जेवले नाहीत. कामावर पण गेले नाहीत. त्यांचा हायवे कुणीतरी चोरला."

मला आधी हसूच आलं. मग वहिनीचा आवाज ऐकला आणि हसू गेलं. दाखल्यांची घाई होती, रजा मिळेना. तरी शनिवारी दुपारी रिक्षा केली आणि मुलुंडला गेले. आई आतल्या खोलीत झोपली होती.

झालं होतं ते असं. मॉड पूर्ण व्हायच्या आधी दादाने ती तपासायला म्हणून तिघा अनोळखी दोस्तांना दिली होती. साइटवरचेच दोस्त. खरी नावं माहीत नाहीत, चेहरे माहीत नाहीत, पण रोजच्या गप्पा. ऑक्टोबरमध्ये दादाची हार्ड डिस्क बसली. सगळं गेलं. तेव्हा या तिघांतल्या एकाकडूनच त्याने आपल्या फाइली परत मागवल्या आणि वर आभारही मानले. त्याच गृहस्थाने दादाच्या दोन आठवडे आधी हायवे स्वतःच्या नावावर साइटवर टाकला आणि मग दादानेच चोरी केली अशी तक्रार केली. तारखा पाहिल्या तर दादा चोर ठरत होता. साइट सांभाळणाऱ्यांनी त्याची मॉड खाली उतरवली. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत ती आपली असल्याचं पटवून द्या, नाहीतर कायमची काढू आणि तुमचं नावही बंद करू, असं कळवलं.

"मग पटवून दे," मी पर्स टेबलावर टाकत म्हटलं. "चार वर्षं काय झोपला होतास? दे ना पुरावे."

"डिस्क गेली अनू. त्याच्याकडून आलेल्या फाइलींवर त्याच्याच तारखा आहेत."

"वह्या? त्या पावलं मोजलेल्या वह्या?"

"पाठवल्या फोटो काढून. ते म्हणतात, वही आजही लिहिता येते."

दाढी वाढलेली, अंगात कालचाच शर्ट. ऑफिसमध्ये साहेबाने वीस वर्षं ड्रॉइंगवर स्वतःचीच सही केली, तेव्हा हा माणूस एक शब्द बोलला नव्हता. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्याच्या नावाची होती. मला त्या क्षणी त्या चोराचा नव्हे, दादाचाच राग आला.

पावणेपाच झाले होते. वहिनी चहा ठेवून दारात उभी राहिली आणि मला खुणेने म्हणाली, स्क्रीनवर बघा.

स्क्रीनवर साइटवाल्यांचं शेवटचं पत्र होतं. इंग्रजीत, पण साधं. त्यांनी दोन्ही मॉड उघडून तपासल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, की या हायवेवरची प्रत्येक वस्तू खऱ्या हायवेशी जुळते, आम्ही फोटोंवरून पडताळलं. फक्त एक पादचारी पूल जुळत नाही. मुलुंडच्या अलीकडे, खाडीकडच्या वसाहतीसमोर. प्रत्यक्षात तिथे पूल नाही. बाकी सगळ्या भागांना किलोमीटरचे आकडे नाव म्हणून दिलेत, या एकाच पुलाला माणसाचं नाव आहे. दोन्ही फाइलींत तेच आहे. हा पूल इथे का आहे आणि हे नाव कुणाचं, हे दोघांनीही वेगवेगळं लिहून कळवा.

खाली उत्तराची चौकट होती. ती रिकामी होती.

"कधी आलं हे?"

"काल सकाळी," वहिनी म्हणाली. "तेव्हापासून असेच बसलेत."

"दादा, लिही ना मग. तुलाच ठाऊक असणार."

"चूक झाली म्हणून लिहितो," तो म्हणाला. "नाहीतर राहू दे. जाऊ दे मॉड."

"जाऊ दे? चार वर्षं?"

तो उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी त्याच्या खुर्चीत बसले. मला गेम येत नाही, पण माउस हलवता येतो. घाटकोपरहून निघाले. विक्रोळी गेली, कांजूर गेलं, उजवीकडे मिठागरं लागली. मग आमची जुनी वसाहत आली. तिच्यासमोर निळ्या पत्र्याचं छत असलेला पूल होता, दोन्हीकडे रुंद पायऱ्या आणि पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार. हायवेवर दुसऱ्या कुठल्याच पुलाला त्याने असा उतार दिला नव्हता. मी पुलावर क्लिक केलं. बाजूला नाव उघडलं.

अनुपमा.

माझ्या डाव्या पायातल्या बुटाला अडीच इंच जाड तळ आहे. सव्वीस वर्षं तो आहे. तो आला तो याच जागेवरून.

तेव्हा मी सतरा वर्षांची होते, दादा एकवीसचा. माझा बारावीचा क्लास स्टेशनच्या बाजूला. भुयारी रस्ता होता, पण दहा मिनिटं लांब. त्यामुळे आमची अख्खी वसाहत मधूनच जायची. दुभाजकाच्या रेलिंगची एक सळई कुणीतरी वाकवून ठेवली होती, त्या फटीतून बायका पिशव्या घेऊन जायच्या, म्हातारी माणसं जायची. त्या दिवशी मला उशीर झाला म्हणून दादा सोबत आला. अर्धा हायवे ओलांडून आम्ही फटीत उभे राहिलो. पुढे टेम्पो आला. इतकंच सगळ्यांना माहीत आहे. घरात एकच वाक्य ठरलं होतं, चंदूने पोरीला फटीतून नेलं. बाबा दोन वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत. जेवताना ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायचे. पुढे बोलायला लागले तेही कामापुरतं. दादाने एकदाही उलट उत्तर दिलं नाही.

बाबा जाऊन नऊ वर्षं झाली.

पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. मी चौकटीत लिहायला सुरुवात केली. माझं इंग्रजी दाखल्यापुरतं आहे, पण त्यात खोटं बोलायला जागा नसते, एवढं एक बरं.

मी लिहिलं, अनुपमा मी आहे. चंद्रप्रकाशची बहीण. या जागी १९९८ साली हायवे ओलांडताना मला टेम्पोने उडवलं. इथे पूल हवा होता, तो अजूनही नाही, म्हणून माझ्या भावाने तो बांधला. मग बूट काढला, टेबलावर ठेवला, शेजारी आधारकार्ड ठेवलं, नंबरावर अंगठा धरून फोटो काढला आणि जोडला. माझं नाव आणि माझा पाय, यापेक्षा जास्त पुरावा कुणाकडे असतो?

इथे थांबता आलं असतं. अर्धा तास हातात होता आणि मॉड वाचवण्यापुरतं लिहून झालं होतं. पण मघाशी दादा म्हणाला होता, चूक झाली म्हणून लिहितो. ते माझ्या डोक्यातून जाईना. मी पुढे लिहिलं, माझ्या भावाने हात आडवा करून मला थांबवलं होतं. मला समोर बस दिसली. मी त्याच्या हाताखालून वाकून पळाले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

लिहून झालं आणि मी कीबोर्ड दूर सारला. सतरा वर्षांची असताना पलंगावर पडून मी घरातलं ते वाक्य ऐकायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. आधी भीती होती, बाबा ओरडतील. नंतर वाटलं, आता उशीर झाला. मग लग्न, नोकरी, मुलगी. दादा हसत राखी बांधून घ्यायचा आणि मला वाटायचं, तो विसरला असेल. माणूस स्वतःच्या सोयीचं काय काय समजून घेतो.

"दादा, ये," मी हाक मारली. "वाच."

तो आला, मागे उभा राहून वाचू लागला. वहिनीही वाचत होती. घड्याळात पाच चाळीस. त्याने मजकूर माउसने पुन्हा वर आणला आणि दुसऱ्यांदा वाचला.

"हात गेला होता माझा?" त्याने विचारलं.

"हो."

"वेळेवर?"

"वेळेवर. तुझ्या कोपराला माझं डोकं लागलं होतं."

तो स्टुलावर बसला. "मला वाटायचं, मी उशीर केला," तो म्हणाला. "हात गेला की नुसता मनात आला, तेच आठवत नव्हतं. सव्वीस वर्षं मी ते मोजतोय, अनू. फटीपासून टेम्पोपर्यंत किती सेकंद."

मी चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. त्याने तो तसाच राहू दिला.

"बाबांना सांगितलं होतंस?"

"नाही."

तो उठून परत गॅलरीत गेला. दार लावून घेतलं. पाच पन्नास. वहिनी माझ्याकडे बघत होती आणि तिच्या नजरेला नजर द्यायची माझी टाप नव्हती. पंधरा वर्षं तिने त्या माणसाला झोपेत दचकून उठताना पाहिलं असणार. स्क्रीनवरचा बाण पाठवायच्या बटणापाशी थांबला होता. ते दाबायचा हक्क मला नव्हता. पाच त्रेपन्न झाले. मी बूट पायात घालायला लागले आणि नाडी बांधता येईना. त्याने दार उघडलं नाही तर मॉडही जाईल आणि भाऊही, एवढंच मला दिसत होतं.

पाच पंचावन्नला दार उघडलं. त्याचे डोळे लाल होते. माझ्याकडे न बघता तो खुर्चीत बसला, शेवटच्या चार ओळी निवडल्या आणि पुसून टाकल्या. हात आडवा केलेल्या, वाकून पळालेल्या. उरलेलं एकदा वाचलं, मी एका शब्दाचं स्पेलिंग चुकवलं होतं ते दुरुस्त केलं आणि पाठवून दिलं.

"का पुसलंस?" मला खरंच राग आला. "मी लिहिलं होतं ना ते? तुझ्यासाठी लिहिलं होतं."

"त्यांनी पुलाचं विचारलंय," तो म्हणाला. "ते त्यांना कशाला?"

निकाल सोमवारी लागला. समोरच्याने लिहिलं होतं, हा पूल मी नकाशात पाहून घातला आणि अनुपमा हे तिथल्या बस स्टॉपचं नाव आहे. हायवे परत दादाच्या नावावर झाला, खाली शंभरेक लोकांनी अभिनंदन लिहिलं. शाळेत मी दोघीतिघींना दाखवलं, माझा भाऊ म्हणून.

पण ते सोमवारचं. शनिवारी सहा वाजता आम्ही तिघं त्या खोलीतच होतो. चहावर साय धरली होती. मग दादा खालच्या आवाजात म्हणाला, "बाबा तर गेले. आई आहे."

आई आतल्या खोलीत होती. ऐंशीची आहे, दिसत कमी, पण माझं पाऊल तिला ओळखता येतं, एक हलकं, एक जड. मी उठले. दादा जागचा हलला नाही. मी आत गेले तशी ती पलंगावर सरकून बसली.

"अनू? कधी इलंस गो? चाय घेतलंस?"

मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "आई, दादाने हात आडवा केला होता."