गरम पाण्यातला संप

आमच्या घरात बाराखडीच्या आधी पत्रकं आली. बाबा ठाण्याच्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. कारखाना बंद पडला आणि ते अबू धाबीच्या पश्चिम टोकाला, रुवैसच्या रिफायनरीत नोकरीला आले. येताना आईच्या साड्यांच्या घड्यांत पत्रकांचा गठ्ठा घालून आणला. कामाचे तास, समान वेतन, बायकांच्या घरकामाचं मोल. मी ती पलंगाखाली बसून वाचली आणि वाचलेलं सगळं खरं मानलं. अजूनही मानते. बाबा मात्र रुवैसमध्ये, जिथे संपाला बंदी होती, 'संप' हा शब्दही खिडकी लावून, टीव्हीचा आवाज वाढवून उच्चारायचे.

शेजारच्या क्वार्टरमध्ये एका जपानी इंजिनिअरची बायको राहायची. दुपारी ती आईकडे चहाला यायची आणि दोघी आपापल्या मोडक्या इंग्रजीत बोलत बसायच्या. तिच्या गावाकडे डोंगरात गरम पाण्याचे झरे होते आणि झऱ्यांना लागून जुनी लाकडी हॉटेलं होती. तिथे म्हणे पाहुण्याने कपसुद्धा उचलायचा नाही. पाण्यात बसायचं, बाहेर यायचं, जेवण खोलीत येतं. आई हे पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. एके दिवशी जेवताना ती बाबांना म्हणाली, "मला जपान नको. पण दोन दिवस कुणीतरी मला सगळं आयतं हातात आणून द्यावं. एवढंच."

बाबा हेलावले. भाषणात घालावं असं वाक्य होतं ते. त्यांनी चौकशी केली. रास अल खैमात डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याचा झरा आहे, बायका-पुरुषांसाठी वेगळे हौद आहेत, शेजारी चार-सहा खोल्यांचं गेस्ट हाउस आहे, असं कळलं. माझ्या शाळेला हिवाळ्याची सुट्टी लागली आणि आम्ही निघालो. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

निघायच्या सकाळी बाबांनी गाडीत काय भरलं? छोटा गॅस, कुकर, तांदूळ, मुगाची डाळ, मिसळणाचा डबा, पोहे, लोणचं.

"बट बाबा, दॅट्स वर्क!" मी म्हटलं.

"कसलं वर्क? पिकनिक आहे! बाहेरचं तेलकट असतं. आणि तुझ्या आईच्या हातची खिचडी डोंगरात खाण्यात वेगळीच मजा."

मिसळणाच्या डब्याचं झाकण सुटू नये म्हणून आईने त्याला रबर लावलं.

वाटेत दुबईत, बर दुबई भागात, आंटी आणि अंकल चढले. अंकल ठाण्याच्या कारखान्यातले बाबांचे जुने साथी, आता एका हॉटेलच्या रिसेप्शनवर होते. आंटी मूळच्या वसईच्या, ऑफिसात टायपिंग करायच्या आणि तोंड टाइपरायटरपेक्षा जोरात चालवायच्या. अंकल पुढे, गाडी चालवणाऱ्या बाबांशेजारी बसले; मागच्या सीटवर आंटींना कुकर मांडीवर घेऊनच बसावं लागलं.

"वहिनी, हॉलिडेला चाललोय की कुणाच्या लग्नाच्या स्वयंपाकाला? आम्ही लहानपणी वज्रेश्वरीच्या कुंडावर जायचो, तेव्हासुद्धा माझ्या मम्मीने कुकर नव्हता नेला."

"तुमच्याकडे तेव्हा कुकर नव्हताच," अंकल म्हणाले.

"यू ड्राइव्हरशी गप्पा मार."

दुपार कलता पोचलो. डोंगर म्हणजे नुसता दगड, वर झाड नाही की गवत नाही, आणि खाली एकदम खजुरांची हिरवी गर्दी. खोल्यांसमोर लांब व्हरांडा, व्हरांड्यासमोर बायकांच्या हौदाची उंच भिंत. भिंतीला एकच दार आणि दारात खुर्ची टाकून बसलेली मल्याळी बाई. पुरुष तिच्या खुर्चीच्या पुढे पाऊल टाकू शकत नव्हता.

"तासभर बसा," बाबा म्हणाले, "मग खिचडी टाकू." आमच्या घरात खिचडी नेहमी सगळे मिळून टाकायचे, हात मात्र एकटीचेच असायचे.

आत हौदावर छप्पर नव्हतं. वाफ सरळ आकाशात जात होती. आई गाऊन घालून पहिल्या पायरीवर बसली, मग दुसऱ्या, आणि मग एकदम गळ्यापर्यंत आत गेली. तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला की मी घाबरले. तसा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता.

पलीकडच्या कडेला गावातल्या दोन म्हाताऱ्या पायघोळ कपड्यांत पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. शेजारी थर्मास आणि खजुराची थाळी. त्यांनी आईला बोलावलं, हातात वाटीएवढा बिनकानाचा कप दिला आणि वेलचीचा गाहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतला. आईने पिऊन कप पुढे केला, त्यांनी पुन्हा भरला. पुन्हा प्यायली, पुन्हा भरला. आई संकोचली. इतक्या वर्षांत आमचा अरब घरांशी संबंध असा आलाच नव्हता.

"पुरे झालं तर कप हलवायचा, वहिनी," आंटी म्हणाल्या. "नाहीतर ओततच राहतात."

"नाही हलवला तर?"

"नाही हलवला तर मिळत राहणार."

"मग राहू दे," आई म्हणाली आणि कप पुढे केला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली. "अगं ए! झालं का? भूक लागली!"

आईचा हात लगेच पायरीवर गेला. "आले" असं तिच्या ओठांवर अर्धं आलंसुद्धा.

"बस गं," आंटी म्हणाल्या. "भूक लागलीय, आग नाही लागलेली."

आई बसली. परक्या बायकांसमोर ती ओरडणार नव्हती. मला हळूच म्हणाली, "सांग त्यांना, मी पाण्यात आहे."

"बाबा, शी इज इन द वॉटर!"

"ते कळतंय! येणार कधी?"

आईने डोंगराकडे पाहिलं. "सांग, माहीत नाही."

"शी डझन्ट नो!"

पलीकडून अंकलचा आवाज, "बॉस, हा तर संप आहे."

"हळू बोल!" बाबा सवयीने म्हणाले.

"संपच आहे!" आंटी ओरडल्या. "मॅनेजमेंटने गेटबाहेर थांबावं!"

"आम्हाला मॅनेजमेंट म्हणतेस? आम्ही गेटवर लाठ्या खाल्ल्यात!" अंकल.

"मग आता खिचडी खा! स्वतः करून!"

भिंतीपलीकडे आधी बाबाच हसले. मला ते ऐकून फार बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "मागण्या काय आहेत ते तरी कळू द्या."

आम्ही आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "मागणी काही नाही. मी बसलेय, एवढंच." हे मी मराठीतच ओरडून सांगितलं. इंग्रजीत त्यातलं काहीच उरलं नसतं.

मग व्हरांड्यातून भांड्यांचे आवाज यायला लागले.

"डाळ किती घ्यायची?"

"पोटापुरती!" आंटी.

"डब्यात हळद कुठली?"

"पिवळी असते ती!"

"शिट्ट्या किती?"

याला कुणी उत्तर दिलं नाही. आई आता डोळे मिटून, मान काठावर टेकवून पडली होती.

पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. आमच्या घरी तिसरीला गॅस बंद व्हायचा. तिसरी झाली आणि आई उठून उभी राहिली. गाऊनमधून पाणी निथळत होतं. चौथी.

"बंद करायला हवा," ती म्हणाली. "तळाला लागेल."

मला सगळी पत्रकं पाठ होती. एका शिट्टीने माणूस पाण्यातून कसा ओढला जातो, हे त्यांतल्या एकातही लिहिलेलं नव्हतं. मला ओरडायचं होतं, आई, नको जाऊस. मी तोंड उघडेपर्यंत ती एक पायरी चढली. दोन म्हाताऱ्यांपैकी जी आईच्या जवळ होती, तिला आमच्या शिट्ट्यांशी काय देणंघेणं? तिला एवढंच दिसलं की पाहुणी कप न हलवता उठली. तिने आईचं मनगट धरलं, खाली बसवलं आणि कप भरला.

"लागू दे तळाला," आंटी म्हणाल्या.

पाचवी शिट्टी झाली. आईने कप तोंडाला लावला. सहावी झाली आणि ती हसायला लागली. इतकी हसली की गाहवा हौदात सांडला. कारण न कळताही दोन्ही म्हाताऱ्या हसल्या, मल्याळी बाई दारातून डोकावून हसली, आणि मी एकदाची श्वास घेऊन पाण्याखाली डुबकी मारली.

आजकाल सभांमध्ये ही गोष्ट सांगितली की मला सुनावतात, ओल्या गाऊनमध्ये क्रांती होत नसते. सुनावणारे बहुतेक घरून डबा घेऊन आलेले असतात.

ऊन डोंगरावरून उतरलं तशी दारातली बाई टाळ्या वाजवत आली, "यल्ला, खलास!" हौद बंद व्हायची वेळ झाली होती. आम्ही बाहेर आलो. व्हरांड्यात वर्तमानपत्र अंथरलं होतं. बाबांचे डोळे कांद्याने लाल झाले होते. अंकलनी हॉटेलातल्यासारखा खांद्यावर टॉवेल टाकला होता, "मॅडम, टेबल फॉर थ्री?"

बाबांनी पहिलं ताट आईला वाढलं. तिने घास घेतला. कारखान्याच्या गेटवर हजारोंसमोर बोललेला माणूस तिच्या तोंडाकडे निकाल लागायचा असल्यासारखा बघत होता.

"मीठ जास्त झालंय," आई म्हणाली. "डाळही नीट निवडलेली नाही. खडा लागला."

"बरं."

"आणि करपलीय."

"ते तुला आधीच माहीत होतं," बाबा म्हणाले.

"हो. बसून ऐकलं ना." आईने ओले केस मागे टाकले, भिंतीला पाठ टेकून पाय लांब पसरले आणि ताट पुढे केलं. "वाढा अजून. वरची वाढा. तळाची तुम्ही घ्या."

बाबांनी वरची मऊ खिचडी तिला वाढली, काळी आपल्या ताटात घेतली आणि जेवायला बसले. पहिला घास त्यांच्या तोंडापर्यंत पोचला होता.

"पाणी?" आई म्हणाली.

बाबा उठले.