नेट मीटर येईपर्यंत

बारा मे, बुधवार. सकाळचं काम: छतावरच्या सोलर पॅनेलांची धूळ पुसणे. बुधवारी खजरान्याच्या गणपतीला दर्शनासाठी जाणाऱ्या गाड्या आमच्याच गल्लीतून निघतात, त्यामुळे धूळ भरपूर. पॅनेलं बसून महिना होत आला होता, पण त्यांच्यावर एक दिवाही लागला नव्हता. नेट मीटर आला नव्हता ना. हा मीटर घरात आलेली वीज आणि घरातून बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजतो. तो बसून तपासणी होईपर्यंत सोलर ग्रिडला, म्हणजे खात्याच्या लाइनला, जोडायचं नाही, असा नियम.

पुसता पुसता फोनवर मेसेज आला. उद्या सकाळी मेंटेनन्ससाठी लाइट बंद.

सासूबाईंना थंडीत न्यूमोनिया झाला, तेव्हापासून त्यांना ऑक्सिजनचं मशीन लागतं. मशीन विजेवर चालतं. घरात सिलेंडर होता, पण तो फार वेळ पुरत नसे. मागच्या वेळी तो संपत आला तेव्हाचा त्यांचा चेहरा मी पाहिला होता. सोलरबरोबर बॅटरी घेतली ती त्यासाठीच.

मी खाली येऊन सासऱ्यांना सांगितलं, "बाबा, आज सिस्टिम चालू करतेय. मीटर येईल तेव्हा येईल."

"नाही."

"एका सकाळचा तर प्रश्न आहे."

"त्याच सकाळी खांबावर माणूस असणार."

बाबा वीज खात्यात लाइनमन म्हणून लागले आणि सुपरवायझर होऊन रिटायर झाले. एकदा त्यांचा जोडीदार खांबावर असताना कुठल्याशा दुकानातल्या जनरेटरची वीज उलटी लाइनमध्ये शिरली. माणूस वाचला, दोन बोटं गेली. मी म्हटलं, लाइट गेली की आपला इन्व्हर्टर आपोआप ग्रिडपासून तुटतो, बसवणाऱ्याने सांगितलंय.

"सांगितलंय. तपासलंय कोणी?"

आतल्या खोलीतून आई म्हणाल्या, "जन्मभर गावाची लाइट लावली. बायकोची वेळ आली की यांना नियम आठवतात." एवढं बोलून त्यांना धाप लागली. बाबा चपला शोधायला लागले.

"चल, ऑफिसात जाऊ."

मला वाटलं, जुनी ओळख काढतील. ते रांगेत उभे राहिले. खिडकीशी तरुण इंजिनीअर होता. त्याने बाबांना "दादाजी, ऐसा है" म्हणत ग्रिड म्हणजे काय इथपासून समजावायला सुरुवात केली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये मध्ये "अच्छा" म्हणत. मी पदराने वारा घेत उभी. शेवटी त्यांनी इथल्या बोलीत विचारलं, "भिया, मीटर आने तक ग्रिड का तार ही निकाल दें तो? पैनल से बैटरी, और बैटरी से बस एक मशीन."

"फिर तो दादाजी, हमारी लाइन से आपका लेना-देना ही नहीं. बस, तार खुला मत छोड़ना."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"होतं की."

"मग या उन्हात कशाला आलो?"

"सांगायचं काम त्याचं आहे. मी रिटायर झालोय." चार पावलं चालून पुढे म्हणाले, "पोरगा नीट शिकलाय पण."

अशा माणसाशी भांडता येत नाही. मी त्यांना उसाचा रस पाजला आणि तिथूनच बसवणाऱ्याला फोन केला. त्याने दुपारी येऊन इन्व्हर्टरची ग्रिडकडची तार सोडवली, टोकं बंद केली आणि आईंच्या पलंगाशी बॅटरीवरचा वेगळा सॉकेट दिला. बाबांनी सोडवलेल्या टोकाला स्वतः टेस्टर लावून पाहिला. ऊन होतंच, संध्याकाळपर्यंत बॅटरी भरली.

"झाला तुमचा नियम?" आईंनी विचारलं.

"झाला."

"मग पंखा वाढवा जरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट गेली. पंखा थांबला, मशीन चालू राहिलं. आई पेपर वाचत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही. बाबा मला म्हणाले, "खांबावरच्याला सांगून ये." मी कोपऱ्यावर जाऊन लाइनमनला सांगितलं, आमच्या घरी मशीन बॅटरीवर चालू आहे, पण तार काढलेली आहे. तो "ठीक है, भाभीजी" म्हणाला, वर चढला आणि तरीही आधी लाइन तपासली. घरी येऊन मी बाबांना तेवढं सांगितलं, आणि तिघांचा चहा टाकला.