तीस आकडे मोजून सुटलेली गाडी

काटेवाल्यांच्या मुलीनं परस्पर लग्न उरकलं आणि म्हणून बापानं तिला घराचं दार बंद केलं, ही बातमी आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जन्मली. दुसऱ्या मजल्यावर येईतो नवरा बिजवर झाला. तळमजल्यावर पोचली तेव्हा आईचे दागिनेही नाहीसे झाले होते. मी पहिल्या मजल्यावर राहतो. माझ्याकडून बातमीत फार भर पडली नाही, नवऱ्याला टक्कल असल्याचं तेवढं मी सुचवलं. असा एखादा तपशील असला की बातमीला वजन येतं, आणि तो तपासायला कुणी जात नाही.

काटेवाले म्हणजे माझ्या समोरच्या दारातले गृहस्थ. त्यांचं आडनाव वेगळंच आहे, पण ते पोस्टमनशिवाय कुणी वापरत नाही. बाजारातले वजनकाटे तपासायचे आणि दुरुस्त करायचे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. लाकडी पेटीत, मखमलीच्या खळग्यांत, पितळेची वजनं ओळीनं झोपवलेली असतात. त्यातली बारकी वजनं ते चिमट्यानं उचलतात, कारण बोटाचा घाम लागला तरी वजन वाढतं. "ज्या माणसाला घामाचं वजन कळतं, त्याच्या हाताखाली स्वयंपाक करून दाखवा," असं काटेवालीण बाई माझ्या बायकोला एकदा म्हणाल्या होत्या. मीठ चिमटीनं टाकलेलं काटेवाल्यांना खपत नाही म्हणे.

धंद्यातलं त्यांचं एक ठाम गणित होतं. काटा आपसूक बिघडला तर कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. पण रोज एकाच बाजूला चुकत असेल, तर तिथे कुणाचा तरी हात आहे. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक म्हणा, वजनाच्या बुडातून कोरून काढलेलं शिसं म्हणा, त्यांनी असं शेकड्यानं पकडलं होतं. आणि पकडला गेलेला प्रत्येक दुकानदार त्यांना एकच वाक्य ऐकवायचा, "साहेब, मी हातसुद्धा लावला नाही."

अशा माणसाला व्यसन कसलं असावं? शर्यतीच्या व्हिडिओ गेमचं. आयुष्यात सायकलशिवाय काही चालवलं नाही, पण रविवारी आंघोळ झाली की गृहस्थ टीव्हीसमोर मांडी घालून बसणार. मुलगी नऊ वर्षांची होती तेव्हा त्यांनी कुणाचं तरी वापरलेलं यंत्र आणलं होतं. पडद्याचे दोन भाग व्हायचे, वरच्यात बाप, खालच्यात लेक. दहा शर्यती. मुलीचं घरातलं नाव मापटं, कारण ती जन्मली तेव्हा तेवढीच होती.

बापानं तिला एकदाही मुद्दाम जिंकू दिलं नाही. दोन वर्षं पोरगी हरत होती. न्हाणीघरात जाऊन रडायची, तोंड धुऊन परत यायची, पुन्हा हरायची. आई म्हणायची, "अहो, लेकरू आहे, एखादी द्या की तिला."

"दिलेली धरत नाहीत," हे म्हणायचे.

अकराव्या वर्षी तिनं त्यांना पहिल्यांदा हरवलं. निव्वळ हरवलं, अर्ध्या गाडीनं. काटेवाले उठले आणि त्यांनी तिच्याशी हात मिळवला, जसा ते वजनमापं खात्याच्या साहेबाशी मिळवतात तसा. त्या दिवशी ती पोरगी जिन्यात भेटेल त्याला हात पुढे करून दाखवत होती. मलाही दाखवला. तेव्हापासून दोघांत बरोबरीचा मामला झाला. आमच्याकडे बापलेकी एकमेकांना जीव लावतात तो खाऊपिऊ घालून. यांचा सगळा जीव त्या दहा शर्यतींत होता, आणि त्याला कुणी बोट लावायचं नव्हतं.

मुलगी मोठी झाली, लांबच्या शहरात चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायला लागली. जुनं यंत्र एका रविवारी गुरगुरलं आणि गप्प झालं. तेव्हा तिनं बापाला नवं यंत्र पाठवलं, स्वतःसाठी तसंच घेतलं, आणि गेमही नवा कोरा. आता दोघं आपापल्या घरी बसून, कानाला बोलायचं यंत्र लावून खेळणार. काटेवाल्यांच्या कानात ते टिकेना, म्हणून त्यांनी आवाज टीव्हीवरच घेतला. त्यामुळे पुढचं सगळं मला माझ्या खुर्चीत बसून ऐकू आलं, त्यात माझा दोष नाही.

नव्या गेमशी त्यांचं पहिल्या दिवसापासून फाटलं. जुन्यात सुरुवातीला खोकणारी, बारकी गाडी मिळायची, आणि चांगली गाडी हाती यायला महिने जायचे. इथे पाव तासात पडद्यावर जत्रेतल्यासारखं एक चक्र गरगरलं आणि लाल भडक गाडी पदरात पडली.

"ही परत कशी करायची?" त्यांनी मला बोलावून विचारलं.

"कशाला परत करता? फुकट आहे."

"मी हिच्यासाठी केलं काय?"

मग त्यात एक बाई होती, दिसायची नाही, नुसती बोलायची. हे भिंतीला धडकले तरी बाई म्हणणार, काय अफलातून चालवता तुम्ही. "मी भिंतीत गेलोय," हे टीव्हीला सांगायचे, "तू कुणाबद्दल बोलतेयस?" बाईला गप्प करायचं बटण त्यांना मिळालं नाही. चूक पुसायचं बटण मात्र अंगठ्याखालीच होतं. दाबलं की गाडी उलटी उलटी मागे जाऊन धडकण्याच्या आधी उभी राहायची. ते त्यांनी कधी दाबलं नाही. दोन रविवारांआड गेम स्वतःला सुधारून घ्यायला बसायचा, आणि सुधारणा उतरवून होईपर्यंत जेवायची वेळ व्हायची. सुधारून काय यायचं? चालकासाठी नव्या टोप्या, त्याही विकत.

मुलगी सुट्टीवर आली तेव्हा तर तमाशाच झाला. पडद्याचे दोन भाग करायची सोयच नव्या गेमात काढून टाकलेली. बापलेक एका सतरंजीवर बसलेत आणि एकत्र खेळता येत नाही. शेवटी पोरगी स्वतःचं यंत्र घेऊन माझ्या घरी आली, माझ्या टीव्हीला जोडलं, आणि दोन्ही दारं उघडी ठेवून जिन्याच्या आरपार शर्यत झाली.

"काका, जरा सरका, तुमचं पोट वळणावर येतंय," ती मला म्हणाली. त्या रविवारी ती सहा-चारनं जिंकली आणि पलीकडे जाऊन बापाचा हात हलवून आली.

ती परत गेल्यावर एक मोठी सुधारणा आली. सकाळची दुपार झाली, इतकी मोठी. आणि त्यानंतर काटेवाले जिंकायला लागले.

आधी सहा, मग सात, मग आठ. वय त्रेसष्ट, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला, अंगठा सकाळी आखडायचा. पहिले दोन आठवडे त्यांनी मला जिन्यात गाठून आकडे सांगितले. मी म्हटलं, "मोतीबिंदू दुसऱ्या डोळ्यातही करून घ्या, दहा जिंकाल." तिसऱ्या आठवड्यात त्यांनी आकडे सांगणं बंद केलं. चौथ्या रविवारी दार वाजवलं.

"शेजारी, घड्याळ घेऊन या."

पद्धत त्यांच्या धंद्यातलीच. काट्याची परीक्षा घ्यायची तर पारड्यात ठाऊक असलेलं वजन टाकायचं. शर्यत सुटली, मुलीची गाडी निघून गेली, आणि हे जागेवर उभे. मला म्हणाले, मोजा. मी पंधरा आकडे मोजले, मग ते निघाले. शेवटच्या फेरीत मुलीची गाडी समोर दिसायला लागली. पुढच्या शर्यतीत तीस मोजले. तीस म्हणजे एवढं अंतर, की माणसानं खाली जाऊन दूध आणावं. तरीही शेवटच्या वळणावर यांची गाडी पाठीमागून कुणी ढकलल्यासारखी सुटली, आणि मुलीची गाडी चिखलात रुतल्यासारखी झाली. हे अर्ध्या गाडीनं जिंकले.

त्यांनी हातातलं बटणांचं खेळणं सतरंजीवर ठेवलं.

"मापटं, खरं सांग. काय चालू केलंयस?"

"कुठे काय, बाबा?" तिचा आवाज टीव्हीतून आला.

"मी सुरुवातीला तीस आकडे उभा होतो. शेजाऱ्यांनी मोजलेत."

"मला वाटलं तुमचं नेट अडकलं."

"आणि तरी जिंकलो."

"मी तर जीव तोडून चालवत होते. शेवटी शेवटी गाडी ओढतच नाही माझी, मला वाटलं माझंच काही चुकतंय."

"एकाच बाजूला चुकतंय. महिनाभर."

"मग गेमचं असेल काही. मी कशालाही हात लावलेला नाही."

मी तिथेच बसलो होतो. ते वाक्य तिनं उच्चारलं तेव्हा मला कळलं की आता हे मिटणार नाही. चाळीस वर्षं ते वाक्य ऐकून ज्याचे कान किटले, त्याच्यासमोर त्याच्या लेकीनं तेच, अगदी तेच वाक्य ठेवलं.

"सगळे हेच म्हणतात," काटेवाले म्हणाले.

"मी सगळ्यांतली आहे का?"

"नाही. दुकानदार गिऱ्हाईकाला फसवतो. तू बापाला खेळवलंस. म्हातारा झाला, डोळा गेला, देऊ या त्याला चार शर्यती."

स्वयंपाकघरातून काटेवालीण बाई बाहेर येऊन उभ्या राहिल्या. "अहो, तिच्याशी बोलताय ना?" त्या म्हणाल्या. "पकडल्यासारखं काय विचारताय?"

"बाबा," मुलगी म्हणाली, "दोन वर्षं मी दर रविवारी हरत होते. तुम्ही एक दिली नाहीत. आणि मी तुम्हाला देईन?"

"वय झालं की लोक देतात."

"बरं," ती म्हणाली, आणि तिचं नाव पडद्यावरून गेलं. त्याच क्षणी ती न दिसणारी बाई बोलली, काय अफलातून चालवता तुम्ही.

पुढच्या रविवारी मुलगी खेळायला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन यायचे ते आईला. उन्हाळ्यातली सुट्टी तिनं घेतली नाही, आणि इमारतीला नवरा सापडला तो तेव्हाच. काटेवाल्यांना कुणी तोंडावर विचारलं नाही, आणि मागे काय चाललंय ते त्यांनी ऐकलं असलं तरी खोडून काढलं नाही. खरं काय ते मला माहीत होतं, निदान तेव्हा तसं वाटत होतं. मी जिन्यात सांगत बसलो नाही. टकलाची गोष्ट जास्त चालत होती.

आठ महिन्यांनी त्यांनी यंत्र विकायला काढलं. मी सोबत गेलो, कारण त्यांना एका डोळ्यानं रस्ता ओलांडवत नव्हता. बाजारातल्या बोळात जुने गेम घेणारी एक बाई आहे, चाळिशीची, तोंडात सतत पेन. तिनं यंत्र लावून बघितलं, आतलं सगळं पुसायच्या आधी उघडून चाळायला लागली. दुकानाचं पान, टोप्यांचं पान, चक्राचं पान, आणखी कसली कसली पानं मागे टाकत ती खोल कुठेतरी पोचली.

"तुम्ही हे चालूच ठेवलं होतं?" तिनं विचारलं.

"काय?"

"हे. 'सर्वांसाठी मजा.' मागे पडला त्याला ढकलतं, पुढे आहे त्याला आवळतं. शेवटी सगळे जवळ जवळ यावेत म्हणून. कुणी कंटाळून सोडून जाऊ नये, हा त्यांचा हिशेब."

"हे कुणी चालू केलं?"

"कुणी नाही. त्या मोठ्या सुधारणेपासून चालूच येतं. बंद करायचं तर इथवर यावं लागतं, आणि इथवर कोण येतंय? आम्ही डोकं आपटून घेतो यांच्यापायी."

काटेवाले टेबलाला हात टेकून उभे होते. "समोरच्याच्या यंत्रात असेल तर?"

"नाही हो. शर्यत जो मांडतो, त्याच्या यंत्रातलं चालतं. मांडायचं कोण?"

"मी," ते म्हणाले.

तिथूनच त्यांनी फोन लावला. स्वतःच्या फोनवरून मुलीला लावलेला आठ महिन्यांतला तो पहिला फोन. त्यांनी सगळं क्रमानं सांगितलं, सुधारणा, पान, बटण, कुणाचं यंत्र, जणू एखाद्या काट्याचा तपासणी अहवाल. पलीकडून काय आलं ते मला अर्धवटच ऐकू आलं, आणि यावेळी मी कान दिला होता.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "डोळ्याचं काय म्हणतात?"

"पुढच्या महिन्यात करायचंय. मापटं, हे यंत्र मी ठेवतोय. बटण बंद करून घेतलंय. रविवारी..."

"माझं मी देऊन टाकलं, बाबा. पावसाळ्यातच. दुकानातल्या एकीच्या घरी."

"दुसरं घेऊ."

"नको. मला ते बटणाचं काही नव्हतं. थेंब वेळेवर घाला, मी आईला नावं सांगून ठेवलीत."

काटेवाल्यांनी फोन खिशात ठेवला आणि यंत्र त्या बाईकडे सरकवलं. तिनं सांगितलेली किंमत त्यांनी घासाघीस न करता घेतली, हे मी त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच पाहिलं.

इमारतीत नवरा अजून आहे, मध्यंतरी त्याला एक दुकानही निघालं. तेव्हा एकदा लिहून टाकतो. काटेवाल्यांच्या मुलीनं लग्न केलेलं नाही. दागिने आईच्या कपाटात आहेत. घराचं दार तिला कुणी बंद केलेलं नाही. बापानं तिच्यावर खोटेपणाचा आरोप केला, आणि खोटेपणा तिनं केलेला नव्हता.