रोशनीने सही केली

रोशनी भोये आमच्या दुकानात लागली ती २००७च्या दिवाळीनंतर. सुरगाण्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. वडील दरवर्षी द्राक्षबागांवर मजुरीला उतरायचे, आई सोबत. त्यातून सुटलेली ती एकटी. नाशिकला वसतिगृहात राहून आयटीआय केलं, वर कॉम्प्युटर हार्डवेअरचा कोर्स केला, आणि कॅनडा कॉर्नरला देवरे सरांच्या दुकानात मशीन असेंबल करायला आली. मी तिथेच काउंटरवर बसायचे. बिलं, फोन आणि तक्रारींची वही माझ्याकडे.

गिऱ्हाइकं आत डोकवायची, तिच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर पाहायची आणि मला विचारायची, "कारागीर बाहेर गेलाय का?"

"ह्याच आहेत," मी म्हणायचे.

तिने जोडलेलं मशीन पहिल्या वर्षात दोनदाच परत आलं, दोन्ही वेळा उंदरांनी वायरी कुरतडल्यामुळे. आमच्या दुसऱ्या कारागिराची, लखनची, आठवड्याला एक तरी तक्रार असायची. पण लखनला कोणी कधी काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी सावळीराम आहेर आले. ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेले. होते स्टोअरला, पण गंगापूर रोडवरच्या त्यांच्या कॉलनीत विमानं आपल्याच हातून उडाली असं सांगत फिरायचे. मुलगा सिडनीला, नात आरोही पाच वर्षांची. दर रविवारी सकाळी तिच्याशी व्हिडिओवर बोलायला त्यांना मोठ्या पडद्याचं नवं मशीन हवं होतं. वायफाय आतच असलेला मदरबोर्ड तेव्हा नवलाचा होता. सरांनी तो त्यांना पटवला. रोशनीने मशीन जोडलं, घरी नेऊन बसवलं, मागे अँटेना लावली. हातभर वायर आणि टोकाला बोटाएवढी काडी. ती काडी तिने टेबलावर, उघड्यावर ठेवली. चालू करून दाखवलं. आहेरांनी त्या दिवशी आरोहीशी अर्धा तास गप्पा मारल्या.

तीन आठवड्यांनी फोन आला. "नेट रांगतंय. मुलाने दिलेला लॅपटॉप त्याच खोलीत पळतो, आणि तुमचा डबा बसून राहतो. त्या पोरीला पाठवा."

ती गेली. वायफाय चालवणारं ड्रायव्हर सॉफ्टवेअर नव्याने टाकलं. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा गेली, राउटरची जागा बदलली, चॅनल बदलला. काही फरक नाही. आहेर मागे उभे राहून बोलत होते, "शिकलीस कुठे? कोट्यातून मिळालं असेल ना सगळं?" हे तिने मला परत आल्यावर सांगितलं, जेवणाचा डबा उघडता उघडता, बसचं तिकीट किती झालं ते सांगावं तसं.

तिसऱ्यांदा ती लांब केबल घेऊन गेली. राउटरपासून थेट केबल जोडली तर मशीन सुसाट. म्हणजे नेटची चूक नाही, मशीनचीही नाही. वायफायच्या वाटेतच काहीतरी. तिने टेबल पुढे ओढलं. अँटेना टेबलावर नव्हती. लोखंडी कपाटामागे कोंबलेली होती, वायर निम्मी झालेली, आणि मधे काळी टेप. टेप सोडवली तर आत कापून पिळलेले जोड.

"काका, ही कोणी कापली?" तिने विचारलं. "ही साधी वायर नसते. आतली तार वेगळी, भोवतीची जाळी वेगळी. अशी पिळली की संपलीच."

शेजारचे दोघं तेव्हा तिथे बसलेले होते. आहेरांचा चेहरा उतरला आणि मग चढला.

"तूच कापलीस," ते म्हणाले.

तासाभरात सरांना फोन आला. सर खूप वेळ नुसतं "हो साहेब, हो साहेब" करत होते. आहेरांच्या कॉलनीतून आम्हाला चार मशीनांची ऑर्डर मिळाली होती, आणि त्यांच्या ओळखीच्या एका शाळेच्या लॅबचं काम मिळणार होतं. रोशनी परत आली तेव्हा सरांनी मला कागद घ्यायला सांगितला. माझं अक्षर चांगलं होतं.

"लिही. माझ्या हलगर्जीपणामुळे आणि अपुऱ्या ज्ञानामुळे आपल्या संगणकाच्या वायरचं नुकसान झालं. त्याबद्दल मी आपली क्षमा मागते."

"सर, मी नाय कापली," रोशनी म्हणाली. रागात तिच्या तोंडी गावचं बोलणं यायचं.

"मला माहितीये," सर म्हणाले. "सही कर."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी कागद तिच्यापुढे सरकवला आणि पेनचं टोपण काढून दिलं. तिने सही केली.

रविवारी सकाळी आम्ही तिघं आहेरांकडे गेलो. "बाईमाणूस सोबत असलेलं बरं," म्हणून सरांनी मला घेतलं होतं. मी चहाला मदत करायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. आहेरांच्या पत्नी साळूबाई कप पुसत होत्या. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "त्यांनीच कापली. वायर लोंबताना बरी दिसत नाही म्हणाले. मीच बॅटरी धरली होती त्यांना."

"मग तुम्ही सांगा ना," मी म्हणाले.

"तू सांग. तुला का माझ्यासारखं इथे राहायचंय?"

मी ट्रे उचलला आणि बाहेर आले. हॉलमध्ये लॅपटॉपवर मुलगा आणि आरोही दिसत होते. शेजारचे दोघं आलेले होते. सर चप्पल काढून खुर्चीच्या कडेवर बसले होते. रोशनी मधोमध उभी.

"वाच," आहेर म्हणाले.

"सर, दिलंय ना लिहून..." रोशनी देवरे सरांकडे बघून म्हणाली.

"मोठ्याने वाच. आरोही, ऐक हं, ह्या आंटीने आजोबांचा कॉम्प्युटर बिघडवला. आता सॉरी म्हणतेय."

रोशनी वाचू लागली. 'हलगर्जीपणामुळे'वर अडखळली.

"परत. सुरुवातीपासून. नीट."

तिने परत वाचलं. मी ट्रे धरून उभी होते. साळूबाई दाराआड होत्या. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या जिभेवर होतं, आणि मी सरांना विचारलं, "साखर किती?"

वाचून झालं तेव्हा पडद्यावरची आरोही हात हलवून म्हणाली, "इट्स ओके, आंटी."

सगळे हसले. मुलगासुद्धा. रोशनीने कागद टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर आपला हात तसाच ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मग सरांनी तिला बाहेर थांबायला सांगितलं. चहा आम्ही प्यायलो.

दुसऱ्या दिवशी लखन गेला. कोणती अँटेना घ्यायची, ती कुठे ठेवायची, हे रोशनीनेच त्याला चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. दुपारी आहेरांचा फोन मीच उचलला. "बघा," ते म्हणाले, "माणूस आला आणि पाच मिनिटांत काम झालं." लखनने चिठ्ठीचं नाव काढलं नाही. त्या महिन्यात त्याचा पगार वाढला.

रोशनीला सरांनी गिऱ्हाइकांकडे पाठवणं बंद केलं. मागच्या खोलीत जुन्या कॅबिनेटची धूळ काढायची, कीबोर्डची बटणं धुवायची, एवढंच. शाळेची लॅब आली तेव्हा वीस मशीनं लखनने जोडली. त्यातली सहा चालू होईनात. सरांनी ती तिच्याकडून दुरुस्त करून घेतली, पण शाळेत नेली लखननेच. चार महिने ती तशी आली. मग एका सोमवारी आली नाही. दोन-तीन दुकानांतून तिची चौकशी करणारे फोन आले. सरांनी प्रत्येकाला तो माफीनामा सांगितला. मी शेजारीच बसलेली असायचे.

पुढच्या वर्षी नात्यातल्या लग्नाला मी कळवणला गेले. स्टँडजवळ एका गाळ्यात ती दिसली. संगणक दुरुस्ती, ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स. बाहेर सात-आठ माणसं उभी होती. मी बाजूला थांबले. तिने मला ओळखलं, बसायला स्टूल दिलं आणि हातातलं काम पुरं केलं.

"बरी आहेस?" मी विचारलं.

"हाय ना."

मी किती दिवस मनात घोळवलेलं बोलून टाकलं. साळूबाईंनी काय सांगितलं होतं, मी कशी गप्प बसले, सगळं. ती ऐकत होती. प्रिंटरमधून कागद येत होते, तेही एकीकडे मोजत होती.

"म्हणजे मी वाचत होते तेव्हा तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटायचं, तुला माहीत नव्हतं. तेवढी एकच गोष्ट त्या दुकानातली मला बरी वाटायची."

तिने कागद पंच केले, रांगेतल्या म्हाताऱ्याला दिले, त्याला तहसीलच्या कोणत्या खिडकीवर जायचं ते नीट दोनदा सांगितलं. मग माझ्याकडे वळली.

"दुसरं काही काम होतं का?"

"नाही."

"मग स्टूल दे. मावशी कधीच्या उभ्या हायेत."

मी उठले. तिने स्टूल उचलून रांगेतल्या बाईंना दिलं आणि पुढच्या माणसाच्या हातातला फॉर्म घेतला.