पाच नंबरचं दुखणं

आमच्या वहिनीच्या पायाला भिंगरी आहे. चहासुद्धा उभ्यानेच पिते. एका मोठ्या इस्पितळातले स्विच आणि राउटर, म्हणजे सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी डबडी, तिच्या ताब्यात आहेत. ती डबडी दिवसभर तिच्या पडद्यावर निरोप पाठवत असतात: अमुक तार सुटली, तमुक परत लागली, कुणीतरी सेटिंग बदललं. प्रत्येक निरोपाला शून्य ते सात असा नंबर. मला वाटलं, सात म्हणजे आग लागली असणार.

"उलटं आहे, ताई," ती म्हणाली. "शून्य म्हणजे कारभार आटोपला. सात म्हणजे नुसती बडबड."

झालं, घरात ते खूळच शिरलं. भाजी करपली की दादा ओरडायचा, "तीन नंबर!" माझ्या बोलण्याला तो कोणता नंबर देतो, हे सांगायला नकोच.

सगळ्यात जास्त निरोप आईचे. दूध उतू गेलं, नळ गळतोय, शेजारणीची मांजर खिडकीत बसली; प्रत्येक वेळी वहिनीला फोन. शेवटी तिने हात जोडले. "आई, चार नंबरपर्यंतचं असेल तरच कामावर फोन करा. पाच आणि त्यापुढचं संध्याकाळी सांगा." आईने मान डोलावली आणि नियम काटेकोर पाळला. सुंठीवाचून खोकला गेला, असं मीच म्हटलं होतं.

त्या दिवशी वहिनीच्या पडद्यावर सकाळपासून चिडीचूप. दुसरी कोणी निवांत बसली असती, हिचा जीव थाऱ्यावर नाही. गप्प बसलेल्या स्विचवर तिचा विश्वासच नसतो. शोधलं तर बरोबरच्या इंजिनिअरने कटकट नको म्हणून शून्य सोडून बाकीचे सगळे निरोप अडवून ठेवलेले. तिने ते मोकळे केले आणि पहिलाच निरोप आला: एका स्विचचा पंखा बंद पडलाय, आतून तापत चाललाय. पंखा बदलेपर्यंत तिने त्या माणसाला चांगलंच फैलावर घेतलं.

"पण मॅडम, मोठं काही असतं तर कळलंच असतं ना," तो म्हणाला.

ते ऐकून ती थबकली आणि तिने मला दुकानात फोन लावला. "ताई, आज आईंचा फोन आला?"

"नाही. सुखाने जेव की."

"मलाही नाही आला. मी केला तर उचलत नाहीत." फोन कट.

मला तिचा रागच आला. उगाच जिवाला घोर लावते! तरी शटर ओढून निघाले.

घरी पोचले तर आई बाथरूमच्या दाराशी जमिनीवर. पाय वेडावाकडा, ओठ पांढरे. मोबाइल समोरच्या टेबलावर, सरपटत गेली असती तर हाताला लागला असता. वहिनी तिच्या शेजारी फरशीवर बसलेली, हेल्मेट अजून डोक्यावर.

"हाक तरी मारायची शेजारी! फोन ओढून घ्यायचा!" मी ओरडले.

"अगं, पायच तर घसरला. म्हटलं, पाच नंबरचं असेल. संध्याकाळी सांगू."

स्विचच्या निरोपाला नंबर तो स्विच बनवणाऱ्याने दिलेला असतो. आईने स्वतःच्या दुखण्याला स्वतःच दिला, जन्मभर देत आली तसाच. मला रडू आवरेना.

आई उलट वहिनीवरच डाफरली. "आणि तू काम टाकून आलीस? तुला निरोप दिला तरी कुणी?"

"कुणीच नाही, आई," वहिनी म्हणाली. "म्हणून तर आले."