डायवरमामांचा कान

"गप ऱ्हावा जरा. ती काय म्हनतीया बघू द्या."

असं म्हणून डायवरमामा उजवा हात वर करायचे आणि आम्ही सगळे गप व्हायचो. सावकारसुद्धा. 'ती' म्हणजे सावकारांची मोटार. जोयड्याच्या रानात तेव्हा मोटार दिसली की बैल दावी तोडून पळत. सावकारांनी लाकडाच्या डेपोसाठी ती घेतली, आणि तिच्याबरोबर खानापूरकडून हे मामा आले. डोक्याला खाकी टोपी, पायात कधीच काही नाही. अनवाणी पायानंच मोटार चालवायचे. मी डेपोवर हिशेब लिहायचो, म्हणून सगळे मला रायटर म्हणत.

आजाऱ्यापुढे वैद्य बसतो ना, तसे मामा त्या मोटारीपुढे बसत. तुम्ही पाहिलं असतं तर हसला असता. मोटारीच्या तोंडाशी, पाण्याच्या टाकीमागे एक पंखा होता आणि तो फिरवायला चामड्याचा पट्टा. हवा सर्द झाली की तो पट्टा किंचाळायचा. मग मामा मला विचारायचे, "रायटर, तुमाला कसा लागला? चिरका का घोगरा?"

"चिरका."

मामा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत, मान हलवत. आम्हाला वाटे, मामा आमची परीक्षा घेताहेत. डेपोवरचे लोक तर म्हणत, मामांच्या कानात देव आहे.

माघातली उळवीची जत्रा होती. सावकारांनी तान्ह्या नातवाचं जावळ तिथं काढायचं ठरवलं. मागे सावकार, त्यांची आई अव्वा आणि मांडीवर पोर घेतलेली सून. पुढे मामांच्या शेजारी मी. सकाळचं कोवळं ऊन होतं. कुंभारवाडा मागे पडला, चढ लागला आणि पट्टा ओरडायला लागला. नेहमीसारखा नाही, डुकराच्या मानेवर सुरी ठेवावी तसा. अव्वांनी कानांवर पदर घेतला. पोर दचकून रडायला लागलं. रस्त्यानं चाललेल्या जत्रेकऱ्यांनी कानांत बोटं घातली.

मामा शांत. ओठ मिटलेले, नजर रस्त्यावर.

"मामा! अहो मामा!" सावकार मागून ओरडले.

मामा शांतच. शेवटी मी त्यांचा दंड धरला आणि पुढे बोट दाखवलं. ते केवढ्यानं दचकले! लगेच त्यांनी मोटार कडेला घेतली. मला वाटलं, वय झालं, लक्ष नसेल.

इंजिन चालूच ठेवून मामांनी झाकण उचललं आणि तांब्यातलं पाणी पट्ट्यावर शिंपडलं. ओरडणं थांबलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालं. "बदाललं?" त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. मी खुणेनंच हो म्हणालो. "मग पट्टाच. आतलं दुखनं पान्यानं बदालत न्हाई."

इंजिन बंद करून त्यांनी पट्टा अंगठ्यानं दाबला. ताण बरोबर होता. मग खाली बसून, एक डोळा मिटून, त्यांनी पट्ट्याचं वरचं आणि खालचं चाक एका रेषेत आहे का ते पाहिलं. "हे बगा. वरचं चाक कललंय. पट्टा कडंला घासतोय." नट सैल करून त्यांनी पंख्याखाली पत्र्याचा तुकडा सारला, नट आवळला आणि पट्ट्याला चिंधीनं एरंडेल चोळलं. हँडल मारलं. पट्टा मुका झाला. अव्वांनी कौतुकानं बोटं मोडली. "काय कान हाय ह्याचा!"

मामा हसले नाहीत.

थोडं पुढे गेलो. वरच्या अंगाला झाडतोड चालू होती. तिथं रस्त्यावर गाड्या अडवायला उभा केलेला माणूस पाणी प्यायला ओढ्यावर उतरला होता, हे आम्हाला मागाहून कळलं. आम्हाला फक्त वरून आरोळ्या ऐकू आल्या. "पडलं होऽऽ! थांबा होऽऽ!" मग लाकूड फाटल्याचा कडकडाट. मागे सून किंचाळली.

मामा मोटार हाकत राहिले. त्याच शांत चेहऱ्यानं, सरळ त्या झाडाखाली.

त्या क्षणी मला कळलं.  मी दोन्ही हातांनी त्यांना हलवलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. वर झाडाकडे नाही, माझ्या तोंडाकडे, आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ब्रेक दाबला. पुढच्या चाकांसमोर झाड आदळलं. फांद्या झाकणावर आल्या. काच फुटून आमच्या मांड्यांवर सांडली.

धूळ बसली. पोर रडत नव्हतं. सुनेनं त्याला उघडंवाघडं करून चाचपलं, तेव्हा कुठं त्यानं टाहो फोडला.

सावकार खाली उतरले. "एवढी माणसं बोंबलताहेत, ऐकू आलं नाही?"

मामा खाली उतरले. टोपी काढली. "सावकार, मला ऐकाय येत न्हाई. शिमग्यापासनं. आता तर काहीच न्हाई."

सावकारांचा हात वर गेला. अव्वांनी तो मागून धरला. "बिडो! सोड त्याला. पोर जित्तं हाय न्हवं?"

सावकारांनी घरच्यांना झाडापलीकडच्या एका ओळखीच्या बैलगाडीत बसवलं आणि तेही त्यांच्याबरोबर उळवीकडे गेले. मोटार डेपोवर परत न्यायची होती. झाड पुढे पडलेलं, मागचा रस्ता मोकळा होता. मामांच्या शेजारी बसायला कोणी तयार नव्हतं.  मीच बसलो.

"माज्या खांद्यावर हात ठेवा," मामा म्हणाले. "कोन वरडलं तर दाबा."

तसेच आम्ही परत आलो.  कुंभारवाड्यापाशी ते एवढंच बोलले, "हिचं मला तळपायात कळतं, रायटर. झाडाचं न्हाई कळलं."

सावकार जत्रेहून परतले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामा निघाले. सावकारांनी जा म्हटलं नव्हतं, थांब म्हणायलाही ते बाहेर आले नाहीत. मोटार धुऊन, पुसून मामांनी छपरात लावली होती. बोचकं काखेत मारून ते खानापूरच्या वाटेला लागले.

मी फाटकाशी उभा होतो. ते रस्त्याच्या मधोमध चालले होते आणि मागून लाकडांनी लादलेली एक गाडी येत होती. गाडीवान ओरडेल म्हणून मी श्वास धरला. पण बातमी रानभर झाली होती. गाडीवानानं तोंड उघडलं नाही. खाली उडी मारून त्यानं बैलांची वेसण धरली, भरलेली गाडी कडेच्या भुसभुशीत मातीत उतरवली आणि मामांना लांबून वळसा घालून गाडी पुढे नेली.

गाडी शेजारून पुढे गेलेली दिसली, तेव्हा मामा थांबले. त्यांनी त्या गाडीवानाला हात जोडले. मग बोचकं दुसऱ्या काखेत घेऊन ते रस्त्याच्या कडेकडेनं चालू लागले.